घरात कुणाला आहे का?

बायोप्सीच्या तुकड्याबरोबर लॅबमध्ये एक फॉर्म येतो. नाव, वय, वॉर्ड, तुकडा कुठला, डॉक्टरांना शंका कशाची, आणि तळाशी ‘एफ/एच’, म्हणजे फॅमिली हिस्टरी. मिरजेच्या एका लॅबमध्ये ३१ वर्षं मी असे तुकडे मेणात बसवले, मायक्रोटोमवर कापले, रंगवले. त्या तळच्या रकान्यात ‘निल’ सोडून दुसरं काही लिहिलेलं मी क्वचितच पाहिलं. रात्रभर जागलेल्या रेसिडेंट डॉक्टरांना घाई असते हे खरं, पण विचारलं तरी लोक ‘नाही’च म्हणतात. घरात लग्नाच्या मुली असतात.

२००८च्या श्रावणात आलेल्या एका फॉर्मवर माझ्या लेकीचं नाव होतं. वय १९. तुकडा लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा. शंका: आतड्याचा टीबी की क्रोन्स, म्हणजे आतड्याचा जुनाट दाह. तळाशी ‘निल’. आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांनी ते काम दुसऱ्या टेक्निशियनला सांगितलं होतं, पण तो ब्लॉक मीच घेतला. चार मायक्रॉनचे काप केले. झील-नील्सन पद्धतीनं रंगवलं की टीबीचे जंतू निळ्या जमिनीवर लाल काड्यांसारखे दिसतात. दोन तास मी त्या काड्या शोधल्या. एकही दिसली नाही.

न दिसल्यानं काही ठरत नाही, हे मला माहीत होतं. आतड्याच्या टीबीत त्या पुष्कळदा सापडतच नाहीत. दिल्लीच्या एम्समधल्या टंडन आणि प्रकाश यांनी १९७२मध्ये या दोन आजारांतला फरक सूक्ष्मदर्शकाखाली कसा ओळखायचा यावर निबंध लिहिला. आमचे सर त्याचा दाखला नेहमी द्यायचे आणि तरी स्लाइडपाशी थबकायचे. अशा वेळी आपल्याकडे आधी टीबीचा कोर्स देतात. त्यामागे विचार आहे: टीबी असताना क्रोन्सवरची स्टिरॉइडं दिली तर माणूस हातचा जाऊ शकतो. लेकीनं नऊ महिने गोळ्या घेतल्या. वजन ३८ किलोवर आलं. दुसऱ्या कोलोनोस्कोपीनंतर निदान झालं, क्रोन्स.

त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “आमच्याकडं असलं काही नव्हतं बाई.”

त्यांचा जीव नातीवर होता, आणि ते वाक्य त्यांच्या तोंडून भीतीपोटी निघालं हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते माझ्या माहेरावर येऊन बसलं. हा आजार रक्तातून येतो का, आणि येत असेल तर किती, हे मला नीट जाणून घ्यायचं होतं. सरांच्या लॉगिनवर, त्यांच्या परवानगीनं, ड्यूटी संपल्यावर मी जुने निबंध काढून वाचायला लागले. ते वाचन अजून संपलेलं नाही. त्यात एक गोष्ट सारखी दिसत गेली. या आजाराच्या बाबतीत प्रत्येक काळानं आधी दोषी कोण ते ठरवलं आणि मग आतड्याकडे पाहिलं.

पहिला दोषी नवरा होता. १८५९मध्ये लंडनजवळ रिचमंड इथे इझाबेला बँक्स ही बाई जुलाब-उलट्यांनी हैराण होऊन मेली. थॉमस स्मेथर्स्ट या डॉक्टरनं पहिली बायको जिवंत असताना तिच्याशी लग्न लावलं होतं, आणि मृत्यूच्या आधी तिनं मृत्युपत्र त्याच्या नावे केलं होतं. विषप्रयोगाच्या आरोपावरून त्याला फाशीची शिक्षा झाली. सॅम्युएल विल्क्स यांनी तिच्या आतड्याची तपासणी केली तेव्हा तिथे दाह होता, जखमा होत्या. विषापेक्षा आजाराची ती खूण वाटत होती. डॉक्टर मंडळींनी आवाज उठवला, फाशी टळली, माफी मिळाली, आणि दुसऱ्या लग्नाबद्दल स्मेथर्स्टनं वर्षभराची कैद भोगली. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ या क्रोन्सच्या भावंड-आजाराच्या नावाचा उगम विल्क्स यांच्या त्या तपासणीच्या टिपणात सांगतात. आज ते वर्णन वाचणारे काही जण तो क्रोन्स असावा असं म्हणतात.

दुसरा दोषी जंतू. ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅलझील यांनी १९१३मध्ये १३ रुग्णांची हकिगत छापली. आतडं फुगून ताठ झालेलं, दिसायला टीबीसारखं, पण टीबी नाही. गाईगुरांना जोन्स रोग होतो, त्यात आतडं असंच होतं, हे त्यांनी लिहून ठेवलं. जोन्सचा जंतू टीबीच्याच कुळातला. तोही झील-नील्सननं लाल होतो. ९५ वर्षांनी मी मिरजेत बसून त्याच लाल काड्या शोधत होते.

मग न्यूयॉर्क. माउंट सिनाय हॉस्पिटल १८५२मध्ये ‘ज्यूज हॉस्पिटल’ या नावानं स्थापन झालेलं. तिथल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर यांनी १९३२मध्ये १४ रुग्णांवरचा निबंध छापला. शस्त्रक्रिया बहुतेक ए. ए. बर्ग यांच्या हातच्या होत्या, पण त्यांनी आपलं नाव घालू दिलं नाही. उरलेली तीन नावं वर्णानुक्रमानं लागली, ‘सी’ पुढे आला आणि आजार क्रोन यांच्या नावावर गेला. मला इथे बर्ग यांच्याविषयी आदर वाटतो. पहिलं नाव ‘टर्मिनल इलिआयटिस’ ठरत होतं. आतड्याच्या टोकाशी होणारा दाह एवढाच अर्थ, पण ऐकणाऱ्याला तो मरणाचा निरोप वाटला असता, म्हणून ‘रीजनल’ झालं. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये हा आजार इतर युरोपीय लोकांपेक्षा दोन ते चार पट आढळतो, हे पुढे अनेक पाहण्यांत दिसलं. म्हणजे रक्त? एकाच समाजाचं रक्तही एक असतं आणि ताटही एक असतं. एवढ्यावरून काय ठरवणार?

तिसऱ्या दोषीबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण तो आमच्या घरातही होऊन गेला. १९३०च्या सुमारास अल्सरेटिव्ह कोलायटिसचं मूळ मनात शोधायला सुरुवात झाली. शिकागोत फ्रांझ अलेक्झांडर यांनी १९३२मध्ये मनोविश्लेषणाची संस्था काढली. ज्या सात आजारांचा संबंध त्यांनी मनातल्या ताणाशी जोडला, त्यांत दमा, संधिवात, रक्तदाब यांच्या पंगतीत हा आजार बसला. परावलंबी स्वभाव, आईशी असलेलं गुंतलेलं नातं, गिळलेला राग, अशा वर्णनांनी पुढची कित्येक वर्षं रुग्णाचा कागद भरायचा. रक्त पडतंय आतड्यातून, आणि चौकशी आईच्या वागण्याची.

सासूबाईंची थोरली बहीण वाईला होती. लग्नानंतर दोन वर्षांत तिला ‘संग्रहणी’ लागली आणि ती माहेरी परत आली. १९७१मध्ये वारली, तेव्हा चाळिशीतसुद्धा नव्हती. तिच्याबद्दल घरात एकच सांगितलं जायचं: “स्वभाव तसला. मनाला लावून घ्यायची, मनानं खाल्लं तिला.” तिला नक्की काय होतं हे आता कुणीच सांगू शकणार नाही, तिचा तुकडा कुणी कापला नाही. पण ‘आमच्याकडं असलं काही नव्हतं’ म्हणताना सासूबाईंना सख्खी बहीण आठवली नाही, याचं कारण मला कळतं. तिचा आजार घरानं आजार म्हणून मोजलाच नव्हता. तो स्वभाव होता. स्वभाव ‘एफ/एच’च्या रकान्यात लिहीत नाहीत.

शिकागोतच, थोड्या अंतरावरच्या विद्यापीठात, जोसेफ कर्सनर नावाचे डॉक्टर होते. १०२ वर्षं जगले. आपल्या रुग्णांना ते घरचं विचारत, आणि उत्तरं जपून ठेवत. १९६३मध्ये त्यांनी स्पेन्सर यांच्याबरोबर निबंध छापला: एकाच कुटुंबात कोलायटिस आणि क्रोन्स पुन्हा पुन्हा कसे आढळतात. दोन बहिणी, बाप आणि मुलगा. एकाच घरात एकाला कोलायटिस आणि दुसऱ्याला क्रोन्स, असंही. तळच्या रकान्यातला तो प्रश्न, जो आम्ही ‘निल’ लिहून मोकळा करतो, तो या माणसानं मनापासून विचारला.

तरी रक्त की ताट हा पेच उरलाच. तो सोडवायला जुळी लागतात. एका बीजाची जुळी म्हणजे जनुकं तंतोतंत एक. दोन बीजांची जुळी म्हणजे साध्या भावंडांइतकीच सारखी, पण वाढलेली एकाच घरात, एकाच वेळी. स्वीडनमध्ये जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. टिस्क आणि यार्नेरोट यांच्या गटानं ती चाळून १९८८मध्ये जे आकडे दिले, ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. क्रोन्स असलेल्या एकबीज जुळ्यांच्या १८ जोड्या. त्यांतल्या ८ जोड्यांत दोघांनाही आजार. द्विबीज जुळ्यांच्या २६ जोड्यांत फक्त एका जोडीत दोघांना. आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या १६ एकबीज जोड्यांत एकच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ८ हा आकडा पाहिला आणि पोटात गोळा आला. आहे, रक्तात आहे. रात्री पुन्हा वाचलं तेव्हा उरलेल्या १० जोड्या दिसल्या. अक्षर न् अक्षर तेच असूनही एकाला आजार आणि दुसरा धडधाकट. १८ पैकी १०. सगळं जनुकांनीच ठरलं असतं तर १८च्या १८ जोड्या आजारी पडल्या असत्या. गेली कित्येक वर्षं, कुणी ‘आनुवंशिक’ हा शब्द शिक्का मारावा तसा वापरला की मी त्या १० जोड्यांची गोष्ट सांगते.

नंतर जनुकाचा शोध सुरू झाला. पॅरिसमध्ये ज्याँ-पिएर ह्युगो यांनी एकाहून अधिक रुग्ण असलेली कुटुंबं गोळा केली आणि १९९६मध्ये दाखवलं की १६व्या गुणसूत्रावर काहीतरी आहे. गल्ली सापडली, घर सापडायला पाच वर्षं गेली. २००१च्या मे महिन्यात ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. एक ह्युगो यांचा. दुसरा शिकागोच्या जूडी चो आणि मिशिगनचे गाब्रिएल नुन्येझ यांच्या गटाचा. जनुकाचं नाव नॉड-२. ज्या शहरात आतड्याच्या दुखण्याचा ठपका मनावर ठेवला गेला होता, त्याच शहरातून ही बातमी यावी याचं मला समाधान वाटलं.

नॉड-२ हा पेशीच्या आतला राखणदार. जिवाणूच्या कवचाचा एक बारीक तुकडा तो ओळखतो आणि वर्दी देतो. जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात. समजा लिहिलंय ‘कमळ पदर सरळ मगर’. त्यात एकच ‘प’ जास्त पडला, तर वाचलं जाईल ‘कमळ पपद रसर ळमग र’. तिथून पुढचं सगळं विस्कटलं. नॉड-२मधल्या तीन महत्त्वाच्या बदलांपैकी एक अगदी असा आहे: एक अक्षर जास्त, आणि राखणदाराचं टोक तुटलेलं. युरोपीय वंशाच्या माणसाकडे असा एक बदल असेल तर धोका दोन ते चार पट वाढतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन आले, तर पंधरा ते चाळीस पटीपर्यंत. हे आकडे घाबरवतात. पण मुळात क्वचित होणाऱ्या आजाराची ती पट आहे, आणि दोन्ही प्रती बिघडलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधीच होत नाही.

मी सरांना म्हटलं, लेकीचं नॉड-२ करून घेऊ. सरांनी मला वेल्लोरचा २००८मधला निबंध काढून दिला. आपल्याकडच्या क्रोन्सच्या रुग्णांत नॉड-२मधले ते नेहमीचे बदल सापडलेच नव्हते. जपानी शास्त्रज्ञांनाही २००२मध्ये सापडले नव्हते. युरोपातलं सगळ्यात मोठं उत्तर आपल्या प्रश्नाला लागू नव्हतं. त्या दिवशी मी निराश झाले होते. आता वाटतं, बरं झालं; एक शब्द हाताशी लागला म्हणून मी तिथेच थांबले असते.

२००६पासून सगळं भराभर झालं. हजारो रुग्णांची सबंध जनुकमाला तपासायची यंत्रं आली. आयएल-२३च्या ग्राहकाचं जनुक सापडलं, आणि त्यातला एक दुर्मीळ बदल आजारापासून वाचवतो असंही दिसलं. पेशी आपला कचरा कसा साफ करते त्याच्याशी निगडित एटीजी-१६-एल-१ सापडलं. २०१२मध्ये ७५ हजारांवर माणसांच्या तपासणीतून जनुकमालेतल्या, आजाराशी जोडलेल्या जागांची संख्या १६३ झाली. त्यांतल्या ११० जागा कोलायटिस आणि क्रोन्स दोघांच्या सामाईक; कर्सनर यांच्या रुग्णांच्या घरांत दोन्ही आजार का नांदत होते त्याचं उत्तर इथे होतं. आणि या १६३ जागा मिळून क्रोन्स कुणाला होतो आणि कुणाला नाही या फरकाचा १३.६ टक्के भाग समजावत होत्या, कोलायटिसचा ७.५. सासूबाईंना मी हा आकडा सांगितला होता. त्या म्हणाल्या, “म्हणजे रुपयातले चौदा पैसे.” हो, तेवढेच.

आपल्या लोकांचं काय, हे शोधणारेही हळूहळू पुढे आले. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर जाऊन ५१,९१० माणसं तपासली. २३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे लाखात ४४. हा निबंध २००३चा. त्याआधी, १९९२मध्ये, इंग्लंडातल्या लेस्टरमधून आलं होतं की तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांना कोलायटिस गोऱ्यांहून जास्त होतो. ‘हा साहेबांचा आजार, आपल्याला होत नाही’ हे मी लॅबमध्येच किती वेळा ऐकलं होतं! २०१५मध्ये दिल्ली विद्यापीठ आणि लुधियाना यांनी मिळून उत्तर भारतीय रुग्णांच्या सबंध जनुकमालेची पाहणी छापली. त्याच वर्षी जगभरच्या मोठ्या पाहणीत भारतीय, इराणी आणि पूर्व आशियाई रुग्ण सामील झाले आणि ३८ नव्या जागा मिळाल्या. आपली नावं त्या वहीत उशिरा आली, पण आली.

मला सगळ्यात हलवलं ते मात्र २००९च्या एका निबंधानं, आणि तो आतड्याचा नाहीच. मिरजेत कुष्ठरोगाचे तुकडेही आमच्याकडे यायचे. ते फाइट-फराको पद्धतीनं रंगवायचे. पुन्हा त्याच लाल काड्या. चीनमधल्या कुष्ठरुग्णांची जनुकं तपासली, तर ज्या जागा पुढे आल्या त्यांत नॉड-२ होतं, त्याचा जोडीदार आरआयपीके-२ होता, आणि क्रोन्समध्ये सापडणारी इतरही नावं होती. सुश्रुतसंहितेत आईबापांच्या बीजातून येणाऱ्या रोगांना आदिबलप्रवृत्त म्हटलंय, मातृज आणि पितृज असे त्यांचे भाग केलेत, आणि उदाहरणं दिलीत ती कुष्ठ आणि अर्श यांची. ‘कुष्ठ’ या शब्दाखाली त्या काळी त्वचेचे पुष्कळ रोग येत, त्यामुळे दोन्हींची सरळ सांगड मी घालणार नाही. पण नॉर्वेची हकिगत बघा. बर्गेनचे डॅनियलसेन कुष्ठरोगावरचे मोठे अधिकारी. तो आनुवंशिक आहे असं त्यांचं ठाम मत. त्यांचेच जावई हॅन्सन यांनी १८७३मध्ये जंतू दाखवला आणि सासऱ्यांचं मत मोडीत निघालं. जंतू आहे, हे अगदी खरं. त्याच्याशिवाय कुष्ठरोग होत नाही. पण तो अंगात शिरल्यावर कुणाचं शरीर त्याला निमूट परतवतं आणि कुणाचं नाही, यात रक्ताचाही हात आहे. रक्त की जंतू, हा वादच अपुरा होता. डॅलझील यांनी गाईच्या आतड्याशी केलेली तुलना आठवून मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. क्रोन्सचा म्हणून एखादा जंतू नसेलही, पण आतड्यातल्या जिवाणूंशी राखणदारांचं बिनसणं हेच या आजाराचं मूळ, असं ती जनुकं एकमुखानं सांगत होती.

एक हिशेब मात्र घरचा आहे. २०१०मध्ये लेकीला अझाथायोप्रिन सुरू केलं. चौथ्या आठवड्यात उशीवर केसांचे पुंजके सापडायला लागले. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी ९००, किमान ४,००० हव्या होत्या. औषध तिथेच थांबवलं, ती वाचली, केसही पुन्हा आले. डॉक्टरांना तेव्हा काही उलगडलं नाही, आणि उलगडण्यासारखं काही उपलब्धही नव्हतं. २०१४मध्ये कोरियातून निबंध आला: एनयूडीटी-१५ या जनुकातल्या एका बदलामुळे या औषधानं पांढऱ्या पेशी कोसळतात. आशियाई लोकांत हा बदल बऱ्यापैकी आढळतो. २०१८मध्ये लेकीची तपासणी झाली. दोन्ही प्रतींत बदल होता.

दोन्ही, म्हणजे एक माझ्याकडून आणि एक तिच्या वडिलांकडून. हे जनुक औषध पचवण्याचं. आजाराशी त्याचा संबंध नाही, हे मी यांना तीनदा समजावलं. तरी यांनी तो कागद घडी घालून सासूबाईंच्या फोटोमागे ठेवला. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या.

त्याच वर्षी दिवाळीनंतर इचलकरंजीचं स्थळ आलं. मुलगा लेकीबरोबर नोकरीला होता, त्याला सगळं माहीत होतं. आम्ही त्यांचं घर बघायला गेलो. मला रात्रभर झोप नव्हती. तो प्रश्न कुणी विचारायच्या आत लेकीनंच विषय काढला. मला हा आजार आहे, औषधं कायमची आहेत. आई-वडिलांपैकी एकाला क्रोन्स असेल तर पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत शंभरातल्या साधारण पाच मुलांना तो होतो, पंचाण्णवांना होत नाही. आपल्याकडची जनुकं थोडी वेगळी आहेत. एवढं बोलून ती थांबली. मुलाची आई काही बोलली नाही. कोपऱ्यात पलंगावर त्याची आजी बसली होती.

“आमच्याकडं साखर हाय,” आजी म्हणाली. “माझ्या सासऱ्यापास्नं. ह्याच्या बापालाबी हाय.” मग तिनं लेकीला जवळ बोलावलं. “तुला दूध चालतं का गं पोरी? का कोराच करू चहा?”